न्हाणीतली पाटी

"जिजी, वर बघा ना," शुभदा म्हणाली.

मी वर बघितलं नाही. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरला होता. मांडा हातावर असताना बाईने वर बघायचं नसतं, बोलायचं नसतं, शिंक आली तरी गिळायची असते. मुठीएवढा पुरणाचा उंडा हातावर फिरवत फिरवत मी ओढणीएवढा केला होता आणि त्यातून पलीकडचा जाळ दिसत होता. चुलीवर उलटं घातलेलं मातीचं खापर चांगलं तापलं होतं. त्यावर मी तो अलगद सोडला, कडा बोटांनी सारख्या केल्या, आणि मग मान वर केली.

माझ्या स्टॉलच्या कपाळावर एक नवी पाटी ठोकलेली होती. सागवानी फळी, हातभर रुंद, दोन हात लांब. त्यात अक्षरं कोरून पांढरा रंग भरलेला. इंग्रजी.

"तुमच्यासाठी कोरून घेतलीय. सुताराकडे तीन दिवस खेटे घातले," ती म्हणाली. तिच्या गालाला चुन्यासारखा पांढरा रंग लागला होता. "संध्याकाळी दिल्लीचे लोक येणार. त्यांना मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीत. काय लिहिलंय सांगू?"

"सांगू नको. मला येतं वाचता."

ती हसली. तिला वाटलं, जिजी गंमत करते.

पण मी गंमत करत नव्हते. शाळा म्हणाल तर मी दुसरीतून उठले, कारण धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. मराठी मी लावून लावून वाचते. पण आमचे हे भुसावळला रेल्वेत रंगारी होते. उभा जन्म डब्यांवर अक्षरं रंगवण्यात गेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी चुलीमागच्या भिंतीवर खडूने तीन शब्द काढले आणि माझ्याकडून घोटून घेतले. फर्स्ट, सेकंड, लेडीज. म्हणाले, "एवढे आले की तू एकटी कुठेही जाशील, चुकीच्या डब्यात चढणार नाहीस." पुढे सरकारने थर्ड क्लास बंद केला. तेव्हा थर्डच्या डब्यांवर यांनीच नवा रंग फासून सेकंड लिहिलं. घरी येऊन हसत होते, "बाकडी तीच, ढेकूण तेच, फक्त नाव वाढवलं." त्यामुळे सेकंड म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

आता हे जाऊन वर्ष झालं होतं, आणि मी त्यांची अक्षरं त्या पाटीवर शोधत होते.

वरच्या ओळीत लांबलचक काहीतरी होतं, ते माझं नाव असणार. खालच्या ओळीत पहिलंच अक्षर नागासारखं वळलेलं. त्याला मी गर्दीतही ओळखलं असतं. सेकंड. पुढे दोन बारके शब्द होते. चिल्लर होती ती, चिल्लरीकडे मी बघितलं नाही.

खापरावरचा मांडा करपला. पन्नास वर्षांच्या माझ्या जन्मात पहिल्यांदा.

"जिजी, धूर येतोय," शुभदा म्हणाली.

"येऊ दे."

साल एकोणनव्वद, वैशाख महिना. जळगावला मोठं प्रदर्शन भरलं होतं, शेतीची यंत्रं, केळीची रोपं, आणि एका बाजूला खाण्याच्या स्टॉलची रांग. ही शुभदा पुण्याची, इथल्या मुलींच्या कॉलेजात घरकामाचं शास्त्र शिकवायला आलेली. त्याचंही शास्त्र असतं हे मला तिच्यामुळे कळलं. वय चोवीस-पंचवीस, वेणी बारीक, वही जाड. मांडे लिहून घ्यायचे म्हणून फेब्रुवारीत ती आमच्या गावी आली आणि पंधरा दिवस माझ्याकडे राहिली. माझ्या गोधडीत झोपली. मी तिच्या डोक्याला तेल लावलं. माझ्या सुनांना मी कधी लावलं नाही.

आणि जे सुनांना सांगितलं नाही, ते तिला सांगितलं. मांड्याचा जीव गव्हात असतो. गहू भिजवून, फडक्यावर पसरून, ते कोणत्या घटकेला दळायला उचलायचे यात सगळं आलं. दाणा दाताखाली धरायचा. आवाज न होता फुटला तर उचलायचा. कट्ट झालं की वेळ टळली. हे मला माझ्या सासूने मरताना सांगितलं होतं. ही पोर वहीत लिहून घ्यायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. "हे लिहू नको. हे तोंडात ठेव." तिने पेन खाली ठेवलं.

एकदा ती म्हणाली, "जिजी, मी अजून हंगामी आहे. ह्या प्रदर्शनाचं सगळं खाणं माझ्याकडे दिलंय. दिल्लीच्या लोकांनी चांगलं लिहिलं तर कॉलेज मला कायम करील. नाहीतर जूनमध्ये पुण्याला परत. घरी एक मुलगा बघून ठेवलाय, त्याचं लोखंडाचं दुकान आहे."

"लोखंड वाईट असतं का?"

"मुलगा वाईट आहे."

"मग तू काळजी करू नको," मी म्हटलं. "दिल्लीच्या लोकांना मी असा मांडा घालीन, की ते दिल्लीला परत जायचे नाहीत."

दिल्लीचे लोक दोन कामांसाठी येणार होते. एक, हिचं काम बघायला. दुसरं, दिल्लीच्या मेळ्याला आपल्या भागातून मांडे करणाऱ्या बायांची एक टोळी न्यायला. एकच. मला जायचं होतं. खरं सांगायचं तर, मी गेले नाही तरी चाललं असतं. सिंधू जायला नको होती.

सिंधू माझी धाकटी जाऊ. सोळा वर्षांची होऊन ह्या घरात आली तेव्हा तिला खापर उलटं घालतात हेही ठाऊक नव्हतं. माझ्या खापरावर ती शिकली. दहा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून लाकडं सारली. मग चूल वेगळी झाली, आणि बाईसाहेबांनी माझ्याच चार बाया फोडून स्वतःची टोळी उभी केली. लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला लागली. आणि आता प्रदर्शनात तिचा स्टॉल बरोबर माझ्यासमोर, मधे फक्त वाट. कापडी फलक लावला होता, त्यावर आंबा काढलेला. ती पुरणात आंब्याचा आटवलेला रस घालायची. पुरणात आंबा. माझी सासू असती तर तिने उलथनं फेकून मारलं असतं.

मी करपलेला मांडा खरवडून काढला आणि समोर बघितलं. दोन दिवस तो फलक तिथे होता, मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आता बघितलं. आंब्याच्या शेजारी मोठ्या तांबड्या अक्षरांत इंग्रजी होतं, आणि पहिला शब्द मला स्वच्छ वाचता आला.

फर्स्ट.

हात धुतले. लुगड्याला पुसले. परत दोन्हीकडे बघितलं. माझ्या डोक्यावर सेकंड, तिच्या डोक्यावर फर्स्ट. दोन्ही लिहिणारी एकच.

तेवढ्यात सिंधू वाट ओलांडून आली. नाकातली नथ नवी होती. "बाई, तुमची पाटी फार ऐटीची आहे हो," म्हणाली. "लाकडात कोरलेली. आमचं बघा, साधं कापड. वारा आला की फडफडतं."

"फडफडू दे की. लिहिलंय ते पुरतंय ना तुला?"

"काय लिहिलंय ते मला काय कळतं? शुभदाताईंनी लिहिलं, आम्ही लावलं." आणि ती हसली.

ती हसली, ते मी अठ्ठावीस वर्षं लक्षात ठेवलं.

"तुझे मांडे यंदा पातळ उतरलेत," मी म्हटलं.

"उतरलेत खरे. यंदा गहू चांगला लागला."

गहू चांगला लागला म्हणे. माझ्या दाताखाली कट्ट झालं. दाण्याची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती. ते माणूस गालाला पांढरा रंग लावून समोरच्या स्टॉलवर आता फुलांची माळ बांधत होतं.

रागाच्या भरात लगेच ओकून टाकणाऱ्या बाया असतात. मी त्यातली नाही. कणीक तिंबून झाकून ठेवावी तसा मी राग झाकून ठेवते. मुरला की हवा तेवढा ताणता येतो, फाटत नाही. मी दिवसभर मांडे केले. लोकांनी रांगा लावल्या. आमरसाबरोबर खाल्ले, दुधाबरोबर खाल्ले, बोटं चाटली. एक मास्तर माझ्या पाटीकडे बघून "वा, बरोबर लिहिलंय" म्हणाला. त्याच्या ताटात मी त्यानंतर तूप वाढलं नाही.

शुभदा दुपारी माझ्यासाठी ताक घेऊन आली. "जिजी, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही."

"भूक नाही."

"पाटी आवडली नाही का?"

"पाटी चांगली आहे," मी म्हटलं. "लाकूड टिकाऊ आहे."

संध्याकाळी उन्हं कलली तशी ती मंडळी आली. चार पुरुष, एक खादीतली बाई, मागे कॉलेजचे मोठे साहेब. शुभदाने इस्त्रीची साडी नेसली होती. पहिल्यांदा तिने त्यांना माझ्याकडेच आणलं, हे मला कबूल केलं पाहिजे. तेव्हा मला वाटलं, पहिल्याला शेवटी ठेवतात, पंगतीत गोड शेवटी वाढतात तसं.

ती त्यांना इंग्रजीत सांगू लागली. हातवारे करत होती, माझे हात दाखवत होती, कोपरापर्यंत बोट फिरवून दाखवत होती. मग तिने वर पाटीकडे बोट केलं आणि वाचलं. माझं नाव मी ओळखलं. मग सेकंड. मग पुढे टुनन असं काहीतरी. ती सगळी मंडळी माझ्याकडे बघून हसली. खादीतल्या बाईने तर टाळ्या वाजवल्या.

थर्डला रंग फासला की सेकंड होतो. बाकडी तीच, ढेकूण तेच.

"जिजी," शुभदा मराठीत म्हणाली, "तुमचा सगळ्यात मोठा करून दाखवा. फेब्रुवारीत केला होतात तसा."

खापर लाल व्हायला आलं होतं. सासूच्या वेळचं खापर होतं ते, तेल पिऊन पिऊन काळं तुकतुकीत झालेलं. मी उंडा उचलला नाही. शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि सबंध खापरावर ओतला.

चर्र झालं. वाफेने माझं तोंड भाजलं. वाफ विरली तेव्हा खापराची दोन शकलं होऊन चुलीत पडली होती, आणि माझ्या हाताखालच्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"काय झालं?" शुभदाचा आवाज फाटला होता.

"खापर फुटलं."

"तुम्ही पाणी ओतलंत."

"ओतलं."

तिने मागे त्या मंडळींकडे बघितलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ती माझ्याजवळ आली, हळू बोलली. "जिजी, दुसरं आहे ना? तुम्ही जादाचं आणलंय. मी बघितलंय, पोत्यात गुंडाळलेलं आहे. दुसरं काढा ना."

"दुसरं?" मी म्हटलं. "दुसरं कशाला? पहिलं आहे की समोर. तिकडे घेऊन जा यांना."

"असं का बोलता? माझं काय चुकलं?"

"तुझ्या पाटीला विचार."

तिने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ हलले तिचे, वाचत होती. मग परत माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. मी मनात म्हटलं, नाटकं चांगली येतात पोरीला.

साहेबांनी तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं, कोरडं. ती उत्तर देताना दोनदा अडखळली. आणि मंडळी वाट ओलांडून सिंधूकडे गेली. सिंधूने पदर खोचला, आंब्याचा मांडा हातावर घेतला. मी माझ्या जागेवरून बघत होते. चांगला केला तिने. कडेला एका ठिकाणी जाड होता, पण त्यांना काय कळतं.

खापर मी फोडलं, आणि फुटलं ते शुभदाच्या डोक्यावर. कार्यक्रमाचा विचका केला, बायांना धड सांभाळता येत नाही, असं कॉलेजने म्हटलं, आणि जूनमध्ये तिला कमी केलं. सिंधू दिल्लीला गेली. येताना शाल आणि फोटो घेऊन आली. फोटोत तिच्या शेजारी कोणीतरी मोठा माणूस हात जोडून उभा होता, तो फोटो तिने दारातच लावला.

प्रदर्शनानंतर आठ दिवसांनी शुभदा आमच्या गावी आली होती. भर दुपारी, एसटीने. मी तिला लांबूनच येताना बघितलं आणि दार लावून घेतलं. ती ओट्यावर बसली. आत मी डाळ निवडत बसले. मधे एक दार.

"जिजी," ती म्हणाली, "मला नोकरीचं काही म्हणायचं नाही. फक्त काय चुकलं तेवढं सांगा. मी परत कोणाशी तसं वागणार नाही."

मी डाळीतले खडे काढत होते. एकेक खडा पितळी ताटलीत टाकत होते, टण आवाज होईल असा. तिला ऐकू जावा म्हणून.

तासाभराने ती उठून गेली.

पाटी मी तिथून काढून आणली होती. सुनेला वाटलं, चुलीत घालायला. मी म्हटलं, चुलीत एका दिवसात जळून जाईल. ती मी न्हाणीत टाकली, उभं राहून पाय धुवायला. अक्षरं वर. अक्षरं खाली करून टाकली असती तर सपाट लागली असती, पण मला ती अक्षरं पायाखाली हवी होती. रोज सकाळी मी त्या नागावर टाच ठेवायची आणि वजरीने पाय घासायची. आधी उजवा, मग डावा. अठ्ठावीस वर्षं. माझ्या वयाच्या बायांच्या टाचा बघा, नांगरलेल्या शेतासारख्या असतात. माझ्या अजून मऊ आहेत.

सिंधूचा उंबरा मी चढले नाही. तिच्या मुलाच्या लग्नात कोणाच्या तरी हाती नारळ पाठवला. दीर गेले तेव्हा ओट्यावर पाच मिनिटं बसले आणि बाहेरच्या बाहेर परतले. तिने आतून पाणी पाठवलं होतं. ते मी तुळशीत ओतलं.

मागच्या वैशाखात मुलाने न्हाणीला फरशी घालायची ठरवली. माझी नात मानसी बारावी झालेली, सुट्टीत घरी होती. फळी तिने बाहेर उन्हात काढली आणि काथ्याने घासायला बसली. मी ओट्यावर शेवया वाळत घालत होते.

"आजी, यावर काहीतरी लिहिलंय गं. इंग्लिशमध्ये. तुझं नाव आहे."

"असू दे."

"आणि खाली 'टू नन'. त्याच्या आधीचा शब्द झिजून गेलाय. नुसता खड्डा उरलाय. काय होता गं?"

"सेकंड होता," मी म्हटलं. "मीच झिजवलाय."

"सेकंड टू नन?" ती हसली. "अरे वा. आजी, हे तू पायाखाली टाकलंस?"

"हसतेस काय? दुसरा नंबर दिला होता तुझ्या आजीला. तोही ननच्या मागे. भुसावळच्या मिशनमध्ये होत्या तसल्या नन, पांढऱ्या कपड्यातल्या. त्यांना कुठून यायला लागलेत मांडे?"

मानसी काथ्या टाकून हसायला लागली. हसून हसून खाली बसली. मग माझं तोंड बघून थांबली.

"आजी, ती नन नाही. नन म्हणजे कोणीही नाही. सेकंड टू नन म्हणजे, हिला दुसरी म्हणायला पुढे कोणीच नाही. सगळ्यात वर. आम्हाला होतं हे वाक्प्रचारांत, दोन मार्कांना. हिच्या तोडीचं कोणी नाही, असा अर्थ."

"सेकंड म्हणजे दुसरा."

"हो."

"मग दुसरा म्हणायचं आणि पहिला समजायचं?"

"इंग्लिश आहे ते, आजी. पूर्ण वाचावं लागतं."

मी शेवया घालत राहिले. चार-पाच काड्या मोडल्या. फळी तिथे उन्हात पडली होती, ओली, आणि जिथे माझे पाय असायचे तिथे लाकडाला वाटीसारखा खळगा पडला होता. त्याच्यापुढे ते दोन बारके शब्द होते, जसेच्या तसे. चिल्लर.

"ते मोबाइलवर माणसं शोधता तुम्ही," मी म्हटलं, "तिथे शुभदा सापडेल का? पुण्याची. कॉलेजात होती. आता पन्नाशी ओलांडली असेल."

आडनाव बदललं होतं, तरी मानसीने तासाभरात शोधून काढली. फोन लावून माझ्या कानाला दिला.

"मी कौतिकबाई," मी म्हटलं.

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जिजी?"

आवाज जाड झाला होता, पण जिजी तसंच म्हणाली.

"बरी आहेस का?"

"बरी आहे."

"लोखंडवाल्याला दिली का तुला?"

"दिली," ती म्हणाली. "पाच वर्षं. मग मी निघून आले. नंतर शिकवण्या केल्या, मेस चालवली. आता मुलगी सांभाळते मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जिजी, आता तरी सांगा," ती म्हणाली. "काय चुकलं होतं माझं? मी फार विचार केला. तुमच्या पुरणाला हात लावला का, साहेबांसमोर काही बोलले का. ती दाण्याची गोष्ट मी आजतागायत कोणाला सांगितलेली नाही. मग काय?"

दाण्याचंही नव्हतं तर. सिंधूला गहूच चांगला लागला होता.

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हटलं. मानसी समोर उभी होती, तिला हाताने आत जायची खूण केली. ती गेली नाही. "पाटीवर सेकंड होतं. तेवढं मी वाचलं. पुढचं मला वाचता आलं नाही. आणि समोर सिंधूच्या फलकावर फर्स्ट होतं."

"फर्स्ट?" तिला आठवायला वेळ लागला. "अहो, ते आंब्याच्या मांड्यांचं. जळगावात पहिल्यांदाच, असं लिहिलं होतं."

"असेल."

"मी तुम्हाला सांगत होते, जिजी. काय लिहिलंय सांगू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मला येतं वाचता."

"म्हटलं होतं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. मी दार लावलं होतं, तिने फोन ठेवला असता तर फिटलं असतं. पण तिने ठेवला नाही.

"पोरी, तू ये इकडे," मी म्हटलं. "माझे हात आता कापतात, पण तुझ्यासाठी एक करीन. जादाचं खापर अजून पोत्यात आहे."

"नको, जिजी. गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही." मग म्हणाली, "आणि मांडे मिळतात मला. सिंधूबाई पाठवतात. दर अक्षय्य तृतीयेला, न चुकता."

"कोण?"

"सिंधूबाई. त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्या स्टॉलमागे रडत बसले होते. त्यांनी मला रात्रीच घरी नेलं, तुम्हाला कळू न देता चार दिवस ठेवून घेतलं. तुमच्याकडे आले होते ना, ओट्यावर, त्या दिवशी परतताना त्याच मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. तेव्हापासून पाठवतात."

अठ्ठावीस आखाज्या. माझ्या दारावरून डबा पुण्याला जात होता, आणि मी पाय घासत होते.

फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला ठेवता येईना. मी ऐंशीला टेकलेली बाई, हे विचारू नये हे मला कळत होतं. तरी विचारलं.

"कसे असतात तिचे?"

मला वाटलं, माझी लाज राखायला विषय बदलेल. मग पलीकडून तोच फेब्रुवारीतला, गोधडीतला बारीक हसण्याचा आवाज आला.

"सेकंड," ती म्हणाली.

मी फोन मानसीला दिला. शेवयांचं सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला.

"आजी, डोळ्यात पाणी आलंय तुझ्या."

"उन्हाने आलंय. माझी चप्पल काढ. सिंधूकडे जायचंय."

"सिंधूआजीकडे? तू?" ती बघतच राहिली. "कशाला?"

"एक शब्द सांगायचाय तिला," मी म्हटलं. "इंग्रजी."